वीस, अठरा, सोळा, चौदा, बारा

पहिल्याच दिवशी मी माझ्या आजाराचा फॉर्म बायकोला भरायला दिला.

यात आपलं काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंही नाही. आमच्या घरात फॉर्म नीला भरते. गॅसचा, बँकेचा, मुलीच्या कॉलेजचा, सगळे. ती गेली चौदा वर्षं सेतू केंद्रात खिडकीपाशी बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे दाखले काढायचे अर्ज भरून देते. तिचं अक्षर सुवाच्य आहे, आणि कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे तिला कुणाला विचारावं लागत नाही. ती बोट ठेवेल तिथे मी सही करतो. एवढाच माझा वाटा.

त्यामुळे दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी पॅडला लावलेला कागद माझ्या हातात दिला, "सर, गेले दोन आठवडे कसे गेले ते आठवून भरा," म्हणाल्या आणि आत गेल्या, तेव्हा माझा हात सवयीने डावीकडे वळला. नीलाने पर्समधून पेन काढलं, चष्मा लावला आणि भरायला घेतलं.

नऊ प्रश्न होते. झोप, भूक, थकवा, कशात लक्ष लागतं का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का, अशी चौकशी. प्रत्येकापुढे एक चौकोन. तसं अजिबात होत नसेल तर शून्य, अधूनमधून होत असेल तर एक, बऱ्याच दिवशी होत असेल तर दोन, जवळपास रोज होत असेल तर तीन. नीलाने मला एक शब्द न विचारता चौकोन भरत नेले. मी खिडकीतून बाहेर लावलेल्या गाड्या बघत होतो. चार मिनिटांत काम झालं. सहीसाठी कागद माझ्याकडे आला तर त्यावर सहीची जागाच नव्हती.

आत मॅडमनी कागद बघितला आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"हिचं."

"आणि उत्तरं?"

"तीपण हिचीच. पण बरोबर आहेत, मी तपासली."

मॅडम तिशीच्या, मूळच्या कोल्हापूरच्या. त्या हसल्या नाहीत. "सर, हा तुमचा कागद हाय म्हटल्यावर तुम्हीच भरायचा की. काकू बाहेर बसतील," म्हणाल्या, आणि दुसरा कोरा कागद दिला.

मी खरंच तपासली होती. आठ उत्तरं बरोबर होती. नववा चौकोन मात्र नीलाने कोरा सोडला होता. आपण मेलेलो बरे, असे विचार मनात येतात का, असा तो प्रश्न होता. नीला खिडकीत बसून लोकांना दिवसभर बजावत असते, रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तर 'लागू नाही' लिहा, कोरा असला की अर्ज परत येतो. त्या नीलाने कोरा सोडला होता.

मी माझ्या कागदावर तिथे छान गोल शून्य काढलं. बेरीज आली वीस. सत्तावीसपैकी.

हेवा करायला निदान टाका तरी हवा

थोडं मागचं सांगतो.

मी रत्नागिरीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी पर्यवेक्षकाची जागा माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याला मिळाली. माणूस चांगला आहे. त्याच्यातली हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त खुपते. तो वाईट असता तर मला चार लोकांत बसून बोलता आलं असतं.

आजार त्यामुळे झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. एवढंच, की त्या वर्षापासून माझं मन सारखं दुसऱ्याच्या ताटात बघायला लागलं, आणि मग हळूहळू ताटातच बघेनासं झालं. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा तीन आठवडे टेबलावर होता. मी रोज सकाळी लाल पेन घेऊन बसायचो, पहिल्या मुलाचं पहिलं गणित वाचायचो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचो. नीला चहा ठेवून जायची, थंड झालेला कप उचलून न्यायची.

मग एक दिवस नववी ब मध्ये फळ्यावर समीकरण अर्ध्यात आणून मी थांबलो. पुढची पायरी आठवत नव्हती असं नाही. क्षची किंमत काढून कुणाचं काय भलं होणार आहे, ते मला कळेना. मी खडू टेबलावर ठेवला, खाली गेलो आणि सायकल स्टँडमध्ये माझ्या स्कूटरवर जाऊन बसलो. तास संपला तरी बसलेलोच. शेवटी शिपायाने नीलाला फोन केला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त, साखर, थायरॉइड, ईसीजी, सगळं बघितलं. सगळं नॉर्मल. ते ऐकून मला रडू आलं, आणि डॉक्टरांना वाटलं आनंदाने आलं.

याचं कारण राजापूरचा माझा दादा. तीन वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली. महिनाभर त्याच्याकडे माणसांची रीघ. शहाळी इतकी आली की वहिनीने ती शेजारी वाटली. दादा उशीला टेकून बसायचा आणि येईल त्याला शर्टाची बटणं काढून टाका दाखवायचा. मला दाखवायला काय होतं? माझ्याकडे कुणी शहाळं घेऊन आलं नाही. आले ते "मन रमवा," "पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जा," "तुम्हाला काय कमी आहे मास्तर," एवढं सांगून गेले. दादासुद्धा फोनवर म्हणाला, "अरे, मी एवढा चिरून उठलो, तू तर अख्खा आहेस." मी अख्खा होतो. त्याबद्दल मला दादाचा इतका हेवा वाटला, की तो फोन ठेवल्यावर मी आरशासमोर शर्ट काढून उभा राहिलो. काही नव्हतं. थोडं पोट होतं.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून मानसोपचार विभागात पाठवलं. तिथले मोठे डॉक्टर अर्धा तास बोलले आणि म्हणाले, "हे नैराश्य आहे. आजार आहे, आळस नाही." मला आठवतं, त्यांनी आळस हा शब्द उच्चारला तेव्हा नीलाने मान खाली घातली होती. तो शब्द आमच्या घरात एकदोनदा येऊन गेला होता. मग तिने ताप आल्यावर विचारतात तसं विचारलं, "किती दिवसांत उतरेल?"

डॉक्टर म्हणाले, "उतरेल. दिवस मोजू नका."

गणिताच्या मास्तरला हे सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

बाकाचं दुसरं टोक

दर एका बुधवाराआड जायचं ठरलं. शाळेत रजा टाकली. कारण लिहिलं 'वैद्यकीय'.

आधी केसपेपर, मग लांब व्हरांडा, मग बाक. आमचा विभाग आणि त्वचारोग विभाग शेजारी-शेजारी, आणि बाक दोघांत मिळून एक. मी त्वचारोगाच्या टोकाला बसायचो. ओळखीचा पालक समोरून आला की कोपर खाजवायचो. एका बाईंनी तर मला खोबरेल तेलात कापूर घालून लावायला सांगितलं. नीला म्हणाली, "लावा आता. रोज लावा."

तिथे एक मावशी होत्या, झाडलोट करणाऱ्या. त्या मला दर वेळी "सर, या इकडे, पंख्याखाली बसा," म्हणायच्या आणि नेमका आमच्या विभागाच्या दारासमोरचा पंखा दाखवायच्या. मी म्हणायचो, नको, मला वारा सोसत नाही. चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "सर, माझा पोरगा तुमच्याच हाताखाली शिकलाय. मी कुणाला सांगत नाही. घामाघूम होऊ नका." त्या दिवसापासून मी पंख्याखाली बसायला लागलो. आजारपणात लक्षात राहतात त्या गोष्टी अशा असतात.

पण बशीरभाई आधी भेटले. दुसऱ्याच खेपेला.

बशीरभाई जयगडचे. अठरा वर्षं आखातात बोटींवर होते, आता बंदरात टगवर, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या बोटीवर. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे, दाढी पांढरी, आवाज मात्र दर्यावरचा, मोठा. ते आपला कागद मांडीवर ठेवून भरायचे, मोठ्याने बेरीज करायचे आणि लपवायचे नाहीत. आम्हाला एकमेकांची नावंही माहीत नव्हती तेव्हा त्यांनी मला विचारलं, "काय मास्तर, किती?"

मास्तर हे त्यांनी माझ्या खिशातल्या लाल पेनावरून ओळखलं असावं.

"काय किती?"

"मार्क हो. माझे मागच्या टायमाला तेवीस होते. आज एकोणीस. उतरलं ना."

मी माझ्या कागदाकडे बघितलं. बेरीज पुन्हा वीसच होती. गोळ्या मी त्यांच्याइतक्याच घेत होतो, मॅडमसमोर त्यांच्याइतकाच वेळ बसत होतो. त्यांचे चार उतरले आणि माझा एकही नाही.

आणि मी, अठ्ठावीस वर्षं वर्गात कॉपी पकडणारा माणूस, झोपेच्या चौकोनातल्या तीनचा दोन केला आणि भुकेच्या दोनाचा एक.

"अठरा," मी म्हणालो.

"अरे वा," बशीरभाई म्हणाले. "माझ्यापुढे गेलात."

बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. माझ्यासारख्या माणसाला बरं वाटायला काय लागतं, ते त्या दिवशी कळलं.

माझी पत्नी

बशीरभाईंचे मार्क पुढे वीस झाले, मग तेरा, मग नऊ. खालीवर होत, पण उतरत. माझे सोळा, चौदा, बारा. माझे घरी बसून ठरवलेले. कुठला चौकोन कधी कमी करायचा ते मी आधीच योजून ठेवायचो. एकदम उतरवायचे नाहीत, संशय येतो. हळूहळू. सावकाश. नववं शून्य तेवढं दर वेळी तसंच.

मार्कांचा हेवा मी मान्य करतो. पण खरा हेवा मार्कांचा नव्हता.

तिसऱ्या खेपेला मी पाणी प्यायला गेलो आणि परत आलो तर नीला हसत होती. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलत होते. बशीरभाई तिला सांगत होते, "वैनी, आपल्या मॅडम कोल्हापूरवाल्या ना. मला विचारतात, मासे खाऊन मन शांत होतं का हो? मी बोललो, मॅडम, माशाचं तर नाय होत."

मी उभा राहून हिशेब केला. नीला माझ्यामुळे शेवटची कधी हसली? मला आठवलं ते मागच्या गौरी-गणपतीच्याही आधीचं. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. घरात गोष्टी सांगणारा मी. पाहुणे आले की दादाची, शाळेतली, माझ्याच फजितीची नक्कल करून दाखवणारा मी. आणि इथे त्वचारोगाच्या बाकावर एक टगवाला तिला बसल्या बसल्या हसवतो.

मी जाऊन दोघांच्या मधे बसलो. जागा नव्हती, तरी बसलो.

"काय झालं?" नीला म्हणाली.

"काही नाही. तिकडे ऊन लागतं."

"व्हरांड्यात?"

त्या दिवशी मॅडमनी मला नऊ प्रश्नांखेरीज आणखी एक कागद दिला. त्यावर अर्धवट वाक्यं होती, ती मनात येईल तशी पूर्ण करायची. 'माझं लहानपण' असं काहीतरी पहिलं होतं. पुढे एक होतं, 'माझी पत्नी'. मी पटकन लिहिलं, 'बाहेर बशीरभाईंशी बोलत बसली आहे.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "मनात हेच आलं?"

"हेच आलं."

"आणखी काही?"

"तो चेष्टा बरी करतो," मी म्हणालो. "पण त्याचा आवाज फार मोठा आहे. हा दवाखाना आहे."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, बशीरभाईंविरुद्ध लिहिलं असेल.

घरी या सगळ्या काळात असं चाललं होतं: नीला सकाळी डबा करून, माझ्या गोळ्या काढून ठेवून सेतूत जायची, दुपारी तीनदा फोन करायची. "जेवलात?" "जेवलो." "काय जेवलात?" मग मला झाकण उघडून बघावं लागायचं. मुलगी पुण्याहून रविवारी व्हिडिओ कॉल करायची, तेव्हा मी दाढी करून बसायचो आणि नीला कॅमेऱ्याबाहेरून माझ्याकडे बघायची. पाचव्या खेपेला कागदावर मी बारावर आलो होतो. मोठे डॉक्टर खूश होते. पुढच्या बुधवारी दहापर्यंत आलो तर सोमवारपासून शाळेत रुजू व्हायला हरकत नाही, तसा दाखला देतो, म्हणाले. मी घरी येऊन पेपरांच्या जुन्या गठ्ठ्याच्या जागेपाशी बसलो. तो केव्हाच दुसऱ्या कुणी तरी तपासायला नेला होता. टेबल रिकामं होतं. मी रिकाम्या टेबलाजवळ बसलो.

याच दिवसांत मी एक गोष्ट मनात मांडून बघत होतो, गणितासारखी. आपण घरातून वजा झालो तर मागे काय उरतं. मी मांडायचो, आणि उत्तर दर वेळी असं यायचं की कुणाचं काही अडत नाही. नीलाला पगार आहे, मुलगी शिकतेय, फॉर्म तर नीलाच भरते. हे उत्तर चुकीचं होतं. आज मला ते चुकीचं दिसतं, जसं मुलाच्या वहीत दिसतं. तेव्हा प्रत्येक पायरी बरोबर वाटायची. आजार असाच फसवतो, पायरीपायरीने. तुमच्या मनात असं उत्तर येत असेल तर ते एकट्याने तपासू नका. दुसऱ्या कुणालातरी वही दाखवा. आजच दाखवा.

मी दाखवली नाही. मी शून्य काढत राहिलो.

पंधरा

सहाव्या बुधवारी मी दहाचा कागद भरून तयार होतो. बशीरभाई आले आणि नेहमीसारखे मोठ्याने बोलले नाहीत. नीला औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होती. ते माझ्या शेजारी बसले, कागद भरला, बेरीज केली.

"किती?" या वेळी मी विचारलं.

"पंधरा."

नऊवरून पंधरा. सहा चढले. आता खरं लिहायचं तर लिहितो. मला आनंद झाला. आतून, पोटातून आनंद झाला, जसा वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा घसरला की दुसऱ्या नंबरच्याला होतो. मी तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून कोपर खाजवलं.

"चढलं," बशीरभाई म्हणाले. "ते नववं आहे ना, तिथं मी आज एक लिवला."

मी माझा कागद मांडीवर उलटा केला.

"काल कामावर होतो. सगळं नीट होतं हो, दर्या शांत, काय तकलीफ नाय. आणि मनात आलं. कुठनं आलं कळला नाय. मी टगवरच्या दुसऱ्या माणसाला सांगितलं, बाबा, तू माझ्याबरोबर थांब, मला आज एकटा सोडू नको. तो थांबला. आणि आज इथं येऊन लिवला. लपवून काय करू? कागदाला खोटा बोललो तर तो मला काय औषध देणार?"

ते इतक्या साध्या आवाजात बोलत होते की मला त्याचाही हेवा वाटला. माणूस असा विचार मनात आला म्हणून सांगतो, आणि दुसऱ्याला थांब म्हणतो. मला तर नीलालासुद्धा थांब म्हणता आलं नव्हतं.

मग त्यांनी रांगेतल्या नीलाकडे बघितलं. "मास्तर, एक बोलू का? मला तुमचा हेवा वाटतो."

"माझा?"

"पहिल्या दिवशी तुमचा कागद वैनी भरत होत्या ना. मी पलीकडं बसलो होतो, बघितला मी. तुम्ही बाहेर बघताय, आणि त्या भरतायत. एक शब्द विचारीत नव्हत्या. माझी गेली त्याला सव्वा वर्ष झालं. ती असती तर माझा पण असाच भरला असता. तिला सगळं ठावूक होतं. मला आता माझं मलाच आठवून लिवायला लागतं."

आतून माझं नाव पुकारलं.

मॅडमनी माझा कागद घेतला आणि टेबलावर आधीच मांडून ठेवलेल्या पाच कागदांच्या शेजारी ठेवला. सहाही एका ओळीत.

"सर, मी आर्ट्सची. गणित दहावीला सोडलं, आणि सोडताना दोघांनाही बरं वाटलं. म्हणून तुम्हालाच विचारते. वीस, अठरा, सोळा, चौदा, बारा, दहा. याला काहीतरी म्हणतात ना?"

"अंकगणिती श्रेढी," मी म्हणालो. उत्तर येत असलं की मी गप्प बसूच शकत नाही.

"म्हणजे पुढच्या बुधवारी आठ."

"आठ."

"मी इथं पाच वर्षं बसते सर. दर पंधरा दिवसांनी बरोब्बर दोननं उतरणारा आजार मी बघितला नाही. तुमचे बाकीचे आकडे कसेही काढलेत बघा, घाईत. पण हे नववं शून्य सहाही कागदांवर इतकं गोल हाय. कंपास घेऊन काढल्यागत."

मुलांच्या उत्तरपत्रिकेत मी नेमकं हेच शोधतो. जिथे उत्तर फार नीट आहे तिथे पोरगं फसवतंय. अठ्ठावीस वर्षांत एकाही पोराने माझ्याइतकी बावळट कॉपी केली नसेल.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी नवा कागद दिला आणि म्हणाल्या, "कुणाला दाखवायचा नाही असं समजून भरा. मी खिडकीशी उभी राहते."

मला तो कागद भरायला वीस मिनिटं लागली. पहिले आठ लगेच झाले. नवव्याला पेन टेकवलं आणि उचललं, टेकवलं आणि उचललं. मग दोन लिहिला. वेडावाकडा दोन, पहिलीच्या पोरासारखा.

बेरीज एकवीस.

"काकूंना आत बोलवू?" मॅडमनी विचारलं. मी मान हलवली. नीला आली, बसली, मॅडमनी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला आणि खिडकीवर आलेला अर्ज वाचावा तसा वरून खाली वाचला, पेनाचं टोपण एकेका ओळीवरून सरकवत. शेवटच्या ओळीवर टोपण थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमना विचारलं, "आता आम्ही काय काय करायचं, ते क्रमाने सांगा. मी लिहून घेते."

आणि तिने लिहून घेतलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. रुजू होण्याचा दाखला लांबणीवर पडला. काही आठवडे मी घरी एकटा राहायचं नाही. गोळ्या नीलाकडे राहतील. तसा विचार आला तर कुणाला सांगायचं, त्यांची तीन नावं मी स्वतः लिहायची. मी नीला लिहिलं, दादा लिहिलं, आणि तिसरं सुचेना म्हणून थांबलो. मग बशीरभाई लिहिलं.

त्यानंतर

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तेच त्यातलं चांगलं. आठ महिने गेले. माझे मार्क एकवीस, सतरा, एकोणीस, चौदा असे कसेही गेले, त्यांचं एकही सूत्र मला मांडता आलं नाही. आता मी शाळेत आहे. गोळी अजून चालू आहे. दादा शहाळी घेऊन आला, उशिरा, पण आला. मी त्याला सांगितलं की आधी मला तुझ्या टाक्याचा हेवा वाटायचा. तो म्हणाला, "घे, तुला देतो," आणि बटणं काढायला लागला. बशीरभाई कधी दुपारचे येतात, बांगडे घेऊन. नीला त्यांच्या बोलण्यावर हसते आणि मला अजूनही थोडं लागतं. मॅडम म्हणतात, हे आजारात धरायचं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या सहाव्या बुधवारच्या दुपारचं.

आम्ही दवाखान्याबाहेर आलो. निघताना बशीरभाईंनी आपले पंधरा नीलालाही सांगितले होते. नीलाने स्कूटरची चावी माझ्याकडून घेतली आणि चालू न करता तशीच उभी राहिली. डोळे कोरडे होते, पण नाक लाल झालं होतं. मी विचारलं, "पहिल्या दिवशी तू नववा रकाना कोरा का सोडलास?"

"मला वाटलं तुम्ही बघितलं नाही."

"मी तपासला होता."

ती चावीशी खेळत राहिली. "खिडकीत बसून मी रोज माणसांना विचारते. उत्पन्न किती, जमीन किती, नवरा हयात आहे का. हे सगळं तोंड वर करून विचारते. तुम्हाला तेवढं एक विचारायला माझी जीभ उचलली नाही. आणि अंदाजाने लिहायचा माझा हात झाला नाही." मग म्हणाली, "आता विचारीन. रोज विचारीन. कंटाळा आला तरी उत्तर द्यायचं."

"देईन."

तिने स्कूटर चालू केली. मी मागे बसलो. फाटकापाशी थांबून तिने दोन्हीकडे बघितलं, आणि मान न वळवता म्हणाली,

"बशीरभाईंना पंधरा, तुम्हाला एकवीस. सहा मार्कांनी पहिले आलात. आता घरी चला आणि जेवा."